सरीचा हिशेब

‘सेंद्रिय डाळीला उतारा नसतो,’ असं सांगणारा हमखास खताकडे बोट दाखवतो. युरिया नाही, डीएपी नाही, मग शेंगा कुठून लागणार? हे उसाला विचारा. तूर, मूग, उडदाला नव्हे. त्यांचं नत्राचं कोठार मुळावरच असतं. तुरीचं रोप उपटून मुळावरची गाठ नखानं फोडा; आत गुलाबी दिसली, तर ती हवेतला नत्र बांधते आहे. पण त्या गाठीला हवा लागते. काळ्या भारी रानात सपाट पेरलं आणि आठवडाभर झड लागली, की मातीतली हवा संपते, गाठी कुजतात, पानं पिवळी पडतात. रासायनिक शेती करणारा तेव्हा युरियाचं पोतं फोडून वेळ मारून नेतो. सेंद्रियवाल्याला ती सोय नाही. म्हणूनच जमिनीची घडण त्याच्यासाठी खताइतकी मोलाची.

हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या संशोधन संस्थेनं अशाच काळ्या जमिनींसाठी रुंद वरंबा-सरी (बीबीएफ) पद्धत बसवली. दर दीड मीटरला एक सरी, मध्ये रुंद वरंबा, सरीला अगदी हलका उतार. जादा पाणी संथपणे निघून जातं. पावसानं दडी मारली, तर सरीत मुरलेली ओल कामी येते.

‘पण सरीत जमीन वाया जाते, ओळी घटतात!’ ओळी पेरणीच्या दिवशी मोजू नका, पोळ्याला मोजा. पाण्यानं पिवळ्या पडून मेलेल्या ओळी तेव्हा हिशेबात येतील. शिवाय मोकळी जागा मिळाली की तूर फांद्या फोडून ती भरून काढते.

आमच्याच सेंद्रिय गोटातलं एक म्हणणं मला जास्त खुपतं: जीवामृत ओता, बाकी जमीन बघून घेईल. तुंबलेल्या रानात गाठींची कामगिरीच थांबते. तिथं जीवामृत काय करणार? तसंच फेकून पेरण्याचं. तूर पहिला महिना-दीड महिना फार सावकाश वाढते, तणनाशक आपण वापरत नाही, आणि सरळ ओळ नसेल तर कोळपं चालवायचं कुठून?

माळावरच्या मुरमाड जमिनीला हा सगळा खटाटोप नको, हे मान्य. तिथं पाणी तुंबत नाही, पळतं. उताराला आडवी पेरणी करून त्याला अडवावं. आणि भारी रान असूनही बीबीएफ यंत्र परवडत नसेल, तर तिफणीनं ओळीत पेरा. शेवटच्या कोळपणीला कोळप्याला दोरी गुंडाळली की ओळींमध्ये सरी पडते. खर्च त्या दोरीचा.