शुभेच्छा : अकाउंट पेयी ओन्ली

घोडबंदर रोडवर राहणाऱ्या प्रत्येक माणसाला हल्ली चित्रकला येते. माजिवड्यापासून गायमुखापर्यंत कुठल्याही सोसायटीच्या फाटकातून आत शिरा; सणाच्या आधीच्या रविवारी क्लबहाउसात 'स्वहस्ते शुभेच्छापत्रे रंगवा' अशी कार्यशाळा हमखास सापडेल. जलरंग म्हणू नका, मधुबनी म्हणू नका, वाळवलेली फुलं म्हणू नका, सगळं जोरात चालू असतं. कागदाच्या सुरळ्या वळून त्यांचे गुलाब करतात, त्याला क्विलिंग म्हणतात. आमच्या घराण्यात सुरळीची फक्त वडी होत असे.

याला माझा विरोध नाही. माणसं जेवढा वेळ रंगात बोटं बुडवून बसतात तेवढा वेळ खड्डे, टँकर आणि मेट्रो या तीन विषयांवर बोलत नाहीत, ही केवढी मोठी समाजसेवा! माझं भांडण आहे ते कार्ड वाळल्यानंतरच्या प्रकाराशी.

कार्ड वाळतं. ते खिडकीपाशी उजेडात ठेवतात. शेजारी उगाचच एक कॉफीचा कप आणि झेंडूची दोन फुलं मांडतात. फोटो निघतो. तो सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, माहेरच्या आणि सासरच्या ग्रुपवर जातो. वर मजकूर : 'माझ्या हातचं!' खाली भराभर अंगठे उठतात. (आमच्या काउंटरवर एक अंगठा उठवायचा तर साक्षीदार लागतो, इथे माणसं झोपेतही उठवतात.) आणि खुद्द कार्ड? ते खणात, इस्त्रीवाल्याच्या वहीखाली. आत कुणाचं नावच नसतं, तर ते जाणार कुणाकडे?

याला शुभेच्छा म्हणायला मी तयार नाही. याला प्रदर्शन म्हणतात. प्रदर्शन खुशाल भरवा, पण मग तसा बोर्ड लावा.

मी पडलो कॉमर्सचा पदवीधर, त्यातून बँकेतला कारकून. मला जगातल्या सगळ्या गोष्टी दोनच प्रकारच्या दिसतात : बेअरर आणि क्रॉस्ड. बेअरर चेक ज्याच्या हातात पडेल त्याचा. क्रॉस्ड चेकच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा असतात. त्यांच्यामध्ये 'अकाउंट पेयी ओन्ली' लिहिलं की ती रक्कम त्याच माणसाच्या खात्यात जाणार, दुसऱ्या कुणाच्या नाही. ग्रुपवरची शुभेच्छा बेअरर असते, आणि तिच्यावर रकमेचा आकडाच नसतो. हाताने रंगवलेलं कार्ड हे मुळात अकाउंट पेयी. एका माणसापायी तुमची एक संध्याकाळ तुमच्या नावे पडते, म्हणून त्याच्याकडे काहीतरी जमा होतं. देणाऱ्याच्या नावे काहीच पडलं नाही, तर घेणाऱ्याकडे जमा काय होणार? हा जमाखर्चाचा नियम आहे, माझं मत नव्हे.

आमच्या कार्यशाळेत वारलीही शिकवतात, म्हणून एक सांगतो. रोडच्या एका अंगाला येऊरचा डोंगर आहे आणि त्याच्या कुशीत वारल्यांचे पाडे आहेत. वारली घरात लग्न निघालं की सुवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. तो त्या घरचा असतो आणि त्या लग्नाचा असतो. पुढे जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणून जगभर पोचवली, २०११ साली पद्मश्री मिळवली, याचा आपल्याला अभिमान आहेच. पण त्या कलेचं मूळ एका घराच्या भिंतीवर आहे. आपण नेमकं तेवढंच सोडून बाकीचं सगळं शिकतो.

तुम्ही म्हणाल, एकच शुभेच्छा शंभर जणांना पाठवणं काय आज निघालंय? मुळीच नाही. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल या साहेबाकडे नाताळच्या पत्रांचा ढीग साचला. उत्तरं लिहायला वेळ नाही. त्याने जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, हजार प्रती छापल्या, उरलेल्या एका शिलिंगला एक या भावाने विकायला काढल्या. म्हणजे छापील शुभेच्छापत्राचा जन्मच मुळी टाळाटाळीतून झाला. पण गंमत अशी की, त्या छापील प्रतींवरचे रंग हाताने भरलेले होते. टाळाटाळीलासुद्धा त्या काळी मेहनत पडत असे!

आमचे सेक्रेटरी वादात हार जाणारे नाहीत. ते म्हणाले, "अहो साहेब, तुमच्या बँकेत तरी चेकचा कागद कुठे फिरतो? फोटोच जातो ना?" बरोबर आहे. दिल्लीत २००८ पासून आणि मुंबईत २०१३ पासून क्लिअरिंगला चेकची नुसती प्रतिमा जाते. कागद जिथे भरला तिथेच राहतो. पण हे चालतं, कारण चेकच्या कागदात पैसे नसतात, पैसे खात्यात असतात. कार्डाचं उलटं. तिथे कागद हीच रक्कम! पूर्वी संक्रांतीला भेटकार्डाच्या पाकिटातून चिमूटभर हलवा यायचा. पोस्टाचा शिक्का नेमका त्या हलव्यावर बसायचा आणि त्याचं पीठ व्हायचं. ते पीठही आम्ही बोटाने चाटून संपवत असू. फोटोतला हलवा कुणी चाटल्याचं अजून ऐकिवात नाही.

आमच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. मुलगा परदेशात. दर रविवारी त्या फोन घेऊन येतात, "अरे, हा पुन्हा भरला रे. जरा रिकामा करून दे." मी बसून शुभ सकाळी पुसतो, पणत्या पुसतो, गुढ्या पुसतो, गेल्या दिवाळीपासूनच्या मंगलकामना एका बोटाने खलास करतो. त्यातली एकही आजींना ठेवून घ्यावीशी वाटत नाही. त्यांच्या फ्रिजवर मात्र एक हत्ती आहे. पिवळा, पाच पायांचा. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा शेजारच्या पोरीने रंगवून दिलेलं कार्ड. आत लिहिलंय, 'आजी, लवकर चाला.' ते बिऱ्हाड जाऊन तीन वर्षं झाली. मध्ये फ्रिज बदलला, तेव्हा आजींनी आधी हत्ती उतरवून घेतला आणि मगच हमालांना फ्रिजला हात लावू दिला. पाचव्या पायाचं मी विचारलं तर म्हणाल्या, "अरे, एक माझ्यासाठी जास्तीचा काढलाय तिने."

अशा आजी तुमच्याही टॉवरमध्ये आहेत. दिवसभरात त्यांची बेल वाजते ती पार्सलवाल्याने, आणि पार्सलही बहुधा समोरच्या फ्लॅटचं असतं.

'ट्रॅफिकमुळे कुणाकडे जाता येत नाही' ही सबब घोडबंदरला शोभते, पण लिफ्टला ट्रॅफिक नसतो. 'मला चित्र येत नाही' म्हणत असाल तर फारच उत्तम. ज्यांना येतं ते प्रदर्शन भरवतात.

तेव्हा येत्या वार्षिक सभेत मी ठराव मांडणार आहे. क्लबहाउसात रंगवलेल्या प्रत्येक कार्डाच्या आत एकाच माणसाचं नाव घालावं आणि ते त्याच दिवशी त्याच्या हातात द्यावं. फोटो काढायचाच तर ज्याला कार्ड दिलं त्याने काढावा. भरणा झाला की रक्कम खातेदाराची असते. आणि मग 'मिळालं का? कसं वाटलं?' अशी पावती मागू नये. पावतीशिवाय ज्यांना चैनच पडत नाही त्यांनी आमच्या बँकेत माझ्या काउंटरवर यावं. मी शिक्का मारून देईन.

जेवणाच्या सुट्टीनंतर.