धारणीची एसटी आणि तोट्याचा हिशोब

एसटीच्या गाड्या, चालक-वाहक आणि रोजच्या फेऱ्या आगार सांभाळते, आगारांवर विभागीय कार्यालय असते. भाडेदराला मात्र राज्य परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागते. भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याने आकारले जाते, घाट असो वा सपाटी. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीला जाणारा रस्ता मेळघाटच्या जंगलातून, वळणा-चढांनी जातो. डिझेल जास्त, वस्ती विरळ. किलोमीटरमागे उत्पन्न कमी दिसणारच.

म्हणून या फेऱ्या कमी कराव्यात, हे याच सदरात आलेल्या एका पत्राचे म्हणणे टिकत नाही. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याचे कलम २२ व्यापारी तत्त्वे सांगते, हे खरे. पण कलम १८ पुरेशी आणि सुसूत्र सेवा देणे हे महामंडळाचे कर्तव्य ठरवते. शिवाय १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे आणि उरलेल्या निम्म्याची भरपाई राज्य सरकारकडून यायची असते. वाहकाकडे जमलेली रोकड म्हणजे फेरीचे पूर्ण उत्पन्न नव्हे. कोरकू पाड्यांवरचे रुग्ण आणि विद्यार्थी याच गाड्यांवर अवलंबून आहेत. धारणीची एकही फेरी या भरपाईचा हिशोब मांडल्याशिवाय बंद करू नये.