वाळवंटासाठी राखलेला एक दिवस

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या आरंभी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन या शहरी जाण्याचा योग आला. वृद्धांच्या पुनर्वसनाविषयी तीन दिवसांचे चर्चासत्र होते आणि फिजिओथेरपिस्ट या नात्याने मला तेथे उपस्थित राहायचे होते. घरी ८४ वर्षांच्या सासूबाई आहेत. त्यांना कंपवात आहे आणि औषधे घड्याळाच्या काट्यावर द्यावी लागतात. वन्संनी येऊन राहण्याचे मान्य केले, म्हणूनच हा प्रवास शक्य झाला.

टूसॉनच्या पूर्वेस व पश्चिमेस, अशा दोन विभागांत सग्वारो राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. ते वाचल्यावर मनात आले, परतीचे तिकीट एक दिवस पुढचे काढावे. पण लगेच संकोच वाटला. कामासाठी घर सोडणे समर्थनीय. केवळ पाहण्यासाठी एक दिवस अधिक राहणे म्हणजे चैन नव्हे काय? रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या अनेकांना हा प्रश्न छळतो. मी चर्चासत्र लांबल्याची सबब सांगण्याच्या बेतात होते. अखेर वन्संना खरे तेच सांगितले, “एक दिवस माझ्यासाठी हवा आहे.” त्या म्हणाल्या, “मग एकच का? दोन घे.” मी एकच घेतला.

फिरण्याचा दिवस चर्चासत्रानंतर ठेवला, हे योग्यच झाले. भारत आणि ॲरिझोना यांच्या घड्याळांत साडेबारा तासांचे अंतर आहे. उतरल्याबरोबर दुसऱ्या दिवशी झोप अपुरी असते, तोल व लक्ष दोन्ही डळमळीत असतात. तीन दिवस गेल्यावर शरीर थोडे स्थिरावते.

चूक झाली ती वेगळीच. शुक्रवारी दुपारी चर्चासत्र संपले आणि मला धीर निघेना. जेवण टाळले, कॉफी घेतली आणि टॅक्सीने पश्चिम विभागातील माहिती केंद्र गाठले. वृद्धांना व चाकाच्या खुर्चीलाही सोयीची अशी अर्ध्या मैलाची फरसबंद पायवाट तेथून सुमारे एका मैलावर आहे. ‘एवढ्या मैलासाठी गाडी कशाला?’ असे म्हणून टॅक्सी सोडली आणि भर तीनच्या उन्हात चालू लागले. पिशवीत अर्धा लिटर पाणी होते. रक्तदाबासाठी लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी सकाळीच घेतली होती.

पायवाटेच्या मध्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली. घाम आल्याचे मुळीच जाणवले नव्हते. कोरड्या हवेत घाम येताक्षणीच उडून जातो. कपडे भिजत नाहीत आणि शरीरातील पाणी किती गेले याचा अंदाज लागत नाही. मुंबईच्या दमट उकाड्यात घामाच्या धारा आपल्याला सावध करतात, इथे ती सूचना मिळत नाही. त्यातच वयानुसार तहानेची जाणीव मंदावते. सुदैवाने जवळच सावलीचा निवारा होता. बाकावर पाय वर घेऊन पडले आणि पर्समधील जलसंजीवनीची पुडी उरलेल्या पाण्यात अंदाजाने कालवून घोट-घोट घेतली. पुडीवर लिहिल्याइतके पाणी मात्र जवळ नव्हते, आणि तेही शिस्तीला धरून नव्हतेच. अर्ध्या तासाने डोके ताळ्यावर आले. मोबाइलला रेंज नव्हती. मी कुठे आहे हे त्या क्षणी जगात कोणालाही ठाऊक नव्हते. घरी चारचौघांना उपदेश करणारी मी, स्वतःच्या बाबतीत इतकी बेपर्वा कशी झाले, हा विचार रात्रभर सलत राहिला. वाटेत भेटलेल्या एका कुटुंबाने त्यांच्या गाडीतून केंद्रापर्यंत सोडले.

शनिवारचा बेत त्या धड्यानुसार आखला. पहाटे सहाला घरी फोन केला. तेव्हा तिकडे सायंकाळचे साडेसहा वाजले होते आणि सासूबाईंच्या औषधाची वेळ होत होती. त्यांच्याशी बोलून वन्संना सांगितले, “पूर्व विभागात जाते आहे, दहापर्यंत हॉटेलवर येऊन फोन करीन.” हॉटेलच्या स्वागतकक्षातही तेच लिहून दिले. न्याहारी केली आणि तासांच्या बोलीवर चालकासह गाडी घेतली. तेथे आठ मैलांचा वळसा घालणारा डांबरी रस्ता आहे. बहुतेक सौंदर्य गाडीतूनच दिसते. मी उतरले ती केवळ पाव मैलाच्या फरसबंद वाटेवर.

वाळवंट म्हटले की आपल्याला वाळू आठवते. सोनोरन वाळवंट मात्र काटेरी पण हिरवे आहे. माणसाच्या कित्येक पट उंच वाढणारे सग्वारो निवडुंग तेथे रानभर उभे असतात. त्यांच्या खोडावर उभ्या चुण्या असतात. पाऊस पडला की पाणी साठून त्या फुगतात आणि कोरड्या दिवसांत आक्रसतात. पहिल्या आठ वर्षांत हे रोप जेमतेम दीड इंच वाढते. बहुधा पालो वेर्दे किंवा मेस्किट अशा एखाद्या झाडाच्या सावलीत ते तग धरते. त्या झाडाला तेथील अभ्यासक ‘दाई झाड’ म्हणतात. ते झाड ऊन, थंडी आणि खाणारी तोंडे यांपासून रोपाला सांभाळते. त्या सावलीतल्या वीतभर रोपाजवळ मी बराच वेळ उभी राहिले.

साडेनऊला हॉटेलवर परतले. ऊन चढायच्या आत पाहायचे ते पाहून झाले होते.

कामाच्या प्रवासाला असा दिवस जोडू इच्छिणाऱ्या ज्येष्ठांनी आणि त्यांच्या मुलांनी काही गोष्टी ध्यानी घ्याव्यात. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना औषधांची यादी दाखवावी. लघवी वाढवणाऱ्या, रक्तदाबाच्या आणि घाम कमी करणाऱ्या काही औषधांमुळे उष्णतेचा त्रास लवकर होतो. मात्र कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. वाळवंटी उद्यानांत दिवसाला माणशी एक गॅलन, म्हणजे सुमारे पावणेचार लिटर पाणी जवळ ठेवण्यास सांगतात. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाण्याची मर्यादा आहे त्यांनी आपले प्रमाण आधीच विचारून घ्यावे. नुसते पाणी ढोसू नये, सोबत खारे काही खावे. इन्सुलिन व इतर औषधे उभ्या गाडीत ठेवू नयेत. डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे येणे ही लक्षणे दिसताच सावली गाठावी. बोलण्यात गोंधळ होऊ लागला तर ते गंभीर समजून ताबडतोब मदत बोलवावी. अमेरिकेत त्यासाठी ९११ हा क्रमांक आहे. एकट्याने जाण्यास हरकत नाही, पण कुठे जातो आणि केव्हा परततो हे दोघांना तरी ठाऊक असावे.

आणि घरी राहणाऱ्यांसाठी औषधांचे वेळापत्रक मोठ्या अक्षरांत लिहून, एक दिवस सोबत राहून समजावून द्यावे. वन्सं म्हणाल्या, “एवढे रोज करतेस हे मला ठाऊकच नव्हते.” आता दर महिन्याला त्या दोन दिवस येतात.

छायाचित्रे पाहताना सासूबाईंनी विचारले, “याला हे हात केव्हा फुटले?”

“पन्नास ते सत्तर वर्षांचा झाल्यावर, आई. कुठे कुठे तर शंभरीत.”

“अस्सं,” त्या म्हणाल्या आणि ते छायाचित्र त्यांनी उशीशी ठेवून घेतले.