‘नामा म्हणे’ म्हणजे कोण म्हणे?

संशोधक विद्यार्थ्याने आपले संशोधन सामान्य श्रोत्याला समजावून सांगितले पाहिजे, ही मागणी आता सर्वमान्य झाली आहे. तिला उघड विरोध करणे असभ्यपणाचे मानले जाते. तथापि या मागणीला विद्यापीठीय व्यवहारात आलेले रूप आणि तिच्याकडे पाठ फिरवणारी साहित्य विभागांतील विद्वत्ता, या दोहोंच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. संशोधन आधी पूर्ण होते आणि निरूपण त्यानंतर येते, हा तो गैरसमज होय. एक पक्ष निरूपणाला जाहिरात समजतो, दुसरा भेसळ समजतो. श्रोत्याकडून संशोधनाला काही मिळू शकते, हे दोघांच्याही गावी नाही.

पहिल्या पक्षाचा प्रातिनिधिक नमुना म्हणजे ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठाने २००८ साली सुरू केलेली आणि पुढे अनेक देशांत पसरलेली ‘थ्री मिनिट थिसिस’ ही स्पर्धा. तीन मिनिटांचा अवधी आणि एकच स्थिर स्लाइड, एवढ्यात प्रबंध मांडायचा. या तीन मिनिटांचा उगमही बोलका आहे. क्वीन्सलंडमध्ये तेव्हा दुष्काळ होता आणि पाणी वाचवण्यासाठी लोक न्हाणीघराच्या भिंतीवर तीन मिनिटांचे वेळमापक लावून अंघोळ उरकत. तेथून ही मुदत व्यासपीठावर आली. दुष्काळात पाणी मोजून वापरणे शहाणपणाचेच. परंतु श्रोत्याला द्यायचा वेळ त्याच मापाने मोजला, की श्रोत्याचे काम टाळ्या वाजवण्यापुरते उरते. तो पसंती नोंदवू शकतो, परीक्षक गुण देऊ शकतात. मात्र त्याच्या हरकतीने प्रबंधातील एक ओळही बदलत नाही. अशा स्पर्धेत वक्तृत्वाची परीक्षा होत असेल, विचाराची होत नाही.

दुसरा पक्ष अधिक प्रतिष्ठित आहे, म्हणून अधिक घातकही. साहित्यसिद्धांताला स्वतःची परिभाषा लागते. पदार्थविज्ञानाच्या प्रबंधाकडे कोणी सुबोधता मागत नाही, मग साहित्याच्याच प्रबंधाकडे का मागावी, असा त्याचा युक्तिवाद असतो. परिभाषेची गरज नाकारण्याचे कारण नाही. दहा वाक्यांचे काम एका शब्दात करणारी संज्ञा हे विचाराचे साधनच असते. पण पदार्थविज्ञानाशी दिलेली उपमा येथे लंगडी पडते. अणू स्वतःविषयी बोलत नाही. साहित्याच्या अभ्यासकाचा विषय मात्र बोलत असतो, गात असतो, ऐकत असतो. ज्या भाषेविषयी आणि परंपरेविषयी प्रबंध लिहिला जातो, ती वापरणारा माणूस त्या विषयात अडाणी नसतो. त्याची माहिती वेगळ्या प्रकारची असते, इतकेच.

एक उदाहरण पुरेसे आहे. ज्युलिया क्रिस्तेव्हा यांनी १९६०च्या दशकात बाख्तीनच्या विचारांवरून घडवलेली ‘आंतरसंहितात्मकता’ ही संज्ञा मराठी प्रबंधांतून आता सर्रास आढळते. प्रत्येक संहिता इतर संहितांच्या अवतरणांतून विणलेली असते, हे तिचे सार. हीच गोष्ट एखादा विद्यार्थी वारकरी कीर्तनाच्या नित्य श्रोत्याला सांगू लागला, तर काय होईल? श्रोत्याला तिच्यात नवे काहीच वाटणार नाही. कीर्तनकार निरूपणासाठी एक अभंग घेतो, त्याच्या पुष्टीसाठी इतर संतवचनांची ‘प्रमाणे’ देतो आणि टाळकरी ती उचलून धरतात. संहितेत संहिता कशी शिरते हे त्याने उभ्या आयुष्यात पाहिलेले असते. मात्र तो पुढे एक प्रश्न विचारील. प्रमाण म्हणून घेतलेले वचन नावानिशी येते, ज्ञानोबांचे की तुकोबांचे हे सांगितले जाते, आणि त्या नावामुळेच त्याला वजन येते. मग लेखक लोपला, असे कसे म्हणता? आणि त्याहून अवघड प्रश्न: नामदेवांच्या गाथेत ‘नामा म्हणे’ ही मुद्रा असलेले इतरांचे, विष्णुदास नाम्यासारख्या कवींचेही अभंग मिसळले आहेत, तर मग ‘नामा म्हणे’ म्हणजे कोण म्हणे?

या प्रश्नापाशी आयात संज्ञा अडखळते. रोलां बार्थ यांनी १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, तेव्हा त्यांच्यासमोर एका नावाला एक व्यक्ती आणि त्या व्यक्तीला संहितेची मालकी, असे समीकरण होते. येथे नाव जिवंत आहे, व्यक्ती अनेक आहेत आणि मालकी परंपरेची आहे. म्हणजे विद्यार्थ्यासमोर दोनच मार्ग उरतात: संज्ञा दुरुस्त करणे किंवा प्रश्न न ऐकल्यासारखे करणे. पहिला मार्ग संशोधनाचा आहे. दुसऱ्यावर आज पदव्या मिळतात, कारण तो प्रश्न विचारणारा माणूस प्रबंधाच्या वाटेवर कोठेही भेटत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६च्या नियमावलीने मौखिकी खुली केली खरी, पण सल्लागार समितीचे सदस्य, विभागातील अध्यापक, इतर संशोधक विद्यार्थी आणि जिज्ञासू तज्ज्ञ यांच्यापाशी तो खुलेपणा संपला.

मराठी विद्वत्तेचा पूर्वेतिहास असा नव्हता. महानुभावांच्या ‘स्मृतिस्थळा’त नागदेवाचार्य केशिराजांच्या संस्कृत रचनेला हरकत घेतात ती पंथातील वृद्ध स्त्रिया वंचित होतील म्हणून, केशिराजांच्या विद्वत्तेविषयी त्यांना शंका नव्हती. राजवाडे यांनी १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्या विस्तृत प्रस्तावना मराठीतच लिहिल्या. त्या सोप्या नाहीत, हे वाचणारा जाणतो. परंतु त्यांच्याशी भांडण्याची सोय मराठी वाचकाला होती आणि त्याने ती वापरलीही. सुलभीकरण आणि निरूपण यांतील फरक नेमका येथे आहे. सुलभीकरणात श्रोत्याला झेपेल तेवढेच दिले जाते. निरूपणात त्याला हरकत घेता येईल इतके दिले जाते.

या फरकाची सर्वांत मोठी किंमत मोजतो तो घराण्यात पहिल्यांदाच विद्यापीठाची पायरी चढलेला विद्यार्थी. त्याच्या आईला ओव्या पाठ असतात, वडील भजनी मंडळात बसतात. प्रबंधाची भाषा त्याने कष्टाने कमावलेली असते, आणि तिच्यामुळेच ज्या घरातून विषय आला त्या घरात त्याविषयी बोलणे त्याला अशक्य होते. ‘काय शिकतोस?’ या प्रश्नावर तो ‘पीएच.डी. करतो’ एवढेच सांगतो. या मौनाला विभाग गांभीर्य समजतात आणि स्पर्धेचे आयोजक संवादकौशल्याचा अभाव. वस्तुतः ते ज्ञानव्यवहारातील तुटलेपण आहे आणि त्याचा दोष विद्यार्थ्याकडे जात नाही.

म्हणून मागणी करायचीच तर ती वेगळी करावी लागेल. साहित्याच्या प्रत्येक संशोधकाने प्रबंध सादर करण्यापूर्वी त्यातील एक प्रकरण, सामग्री जेथून घेतली त्या लोकांसमोर मांडावे: भजनी मंडळात, तालुक्याच्या ग्रंथालयात, तमाशाच्या राहुटीत. मुदत तीन मिनिटांची नको, प्रश्न संपेपर्यंतची हवी. विचारलेले प्रश्न प्रबंधात नोंदवावेत आणि कोणत्या प्रश्नामुळे कोणते विधान बदलले, हेही नोंदवावे. ज्या प्रश्नांना उत्तर देता आले नाही, ते तसेच छापावेत. परीक्षकांनी इतर कशाहीआधी ती पाने वाचावीत; ती कोरी असतील, तर संदर्भसूचीची लांबी पाहून पदवी देऊ नये.