घरात संगणक हवा, गिरणी नको!



आजची सुरुवात एका पत्राने करतो. कांदा पिकवणाऱ्या घरातील एक भगिनी लिहितात, "कांद्याची पट्टी हातात आली आहे. थोरली मुलगी बारावीला आहे, तिच्यासाठी कॉम्प्युटर घ्यावा म्हणतो. पण घर दोन खोल्यांचे. आमचे हे रात्रीच्या विजेवर पाणी भरायला मळ्यात जातात आणि दिवसा झोपतात. सासूबाईंची झोप सावध. शेजारच्यांचा कॉम्प्युटर चालू झाला की त्याची घरघर भिंतीपलीकडून ऐकू येते. बेताच्या पैशांत, आवाज न करणारा कॉम्प्युटर मिळेल का?"

ताई, तुमचा प्रश्न वाचून मला हसू आले आणि वाईटही वाटले. कारण हीच ठेच आमच्या घरी लागलेली आहे. पुतणीसाठी संगणक आणायला मी शहरात गेलो. दुकानदाराने काचेची पेटी दाखवली. पुढे तीन रंगीत पंखे गरगर फिरत होते. पंखे जास्त म्हणजे माल चांगला, असे मला वाटले, आणि पैसे मोजून मोकळा झालो. बाजाराच्या गलक्यात त्याचा आवाज कानावर आलाच नाही. घरी आणला, रात्री नऊला चालू केला, तर आई अंथरुणातून म्हणाली, "अरे, ही काय पिठाची गिरणी लावली घरात?" पुढे पोरगी काय करायची, तर आजीचा डोळा लागला की संगणक बंद करून टाकायची. अभ्यासासाठी आणलेली वस्तू, अभ्यासाच्या वेळीच बंद! पैसे गेले ते गेले, पण पोरीचे चार महिने गेले, ते कुठून भरून आणणार?

म्हणून आज सगळे सविस्तर सांगतो. पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. शहरातल्या घरात जो आवाज जाणवत नाही, तोच वस्तीवरच्या रात्री मोठा वाटतो. तेव्हा दुकानात कानावर विश्वास ठेवू नका. भाग पाहून निवडा.

आवाज येतो कुठून?

संगणकात फिरणाऱ्या वस्तू दोनच, पंखे आणि जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क. पंखे कशासाठी, तर आतली उष्णता बाहेर काढण्यासाठी. म्हणजे मूळ आवाजाचे नाही, उष्णतेचे आहे. जो संगणक कमी वीज खातो तो कमी तापतो, त्याचा पंखा सावकाश फिरतो, आणि सावकाश फिरणारा पंखा बोलत नाही. शांत संगणक म्हणजे कमी बिलाचा संगणक, असे म्हटले तरी चालेल.

प्रोसेसर: बैल कामापुरता हवा

प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू. तो किती वॅटचा आहे हे आधी विचारा. अभ्यासाचे व्हिडिओ, टायपिंग, सातबारा काढणे, अर्ज भरणे, हिशेब ठेवणे, एवढेच काम असेल, तर इंटेलचा एन१०० पुरतो. तो २०२३ च्या सुरुवातीला बाजारात आला. त्याची नेमलेली क्षमता अवघी ६ वॅट आहे. तो बोर्डावरच बसवलेला येतो, त्यामुळे पुढे बदलता येत नाही, हे मात्र समजून घ्या.

मुलगा किंवा मुलगी पुढे इंजिनिअरिंगला जाणार असेल, प्रोग्रॅमिंग शिकणार असेल, तर थोडा दमदार बैल घ्यावा. इंटेलचा आय३-१२१०० हा ६० वॅटचा आणि एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा ६५ वॅटचा. हे दोन्ही ओळखीचे आणि भरवशाचे आहेत. नवे आणखी निघतात. पण एक खूणगाठ बांधा. चित्र दाखवायची सोय प्रोसेसरच्या आतच हवी. इंटेलच्या नावाच्या शेवटी 'एफ' अक्षर असेल तर ती सोय त्यात नसते. मग वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते. म्हणजे पैसे वाढले, उष्णता वाढली आणि आणखी एकदोन पंखे घरात आले. "एफवाला हजार रुपयांनी स्वस्त देतो" असे कोणी म्हणाले, तर नमस्कार करून पुढे चला.

पंखा: मोठा घ्या, सावकाश फिरवा

इथे खरे मर्म आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. आता हिशेब करा. मिनिटाला १२०० फेरे घेणारा एक पंखा आणि ६०० फेरे घेणारे तसलेच दोन पंखे वारा सारखाच देतात. पण दोन सावकाश पंख्यांचा मिळून आवाज त्या एकट्यापेक्षा कितीतरी कमी असतो. म्हणजे माझी चूक तीन पंखे घेण्यात नव्हती. ते तिन्ही पंखे वेग कमी-जास्त करण्याची सोय नसलेले होते, सदा पूर्ण वेगाने धावणारे होते, ही चूक होती.

म्हणून पंखा घेताना दोन गोष्टी पाहा. आकार १२० किंवा १४० मिलिमीटर असावा. ८० मिलिमीटरचा छोटा पंखा तेवढाच वारा द्यायला जोरात पळतो आणि किरकिरतो. दुसरे, त्याची जोडणी चार पिनांची, थेट मदरबोर्डला लागणारी असावी. मग गरजेप्रमाणे बोर्डच त्याचा वेग ठरवतो. संगणक सुरू होताना जी सेटिंगची पाने उघडतात, तिथे 'प्रोसेसर साठ अंशांच्या वर जाईपर्यंत पंखा हळू ठेव' असे सांगून ठेवता येते. जोडणाऱ्याकडून ते समोर करून घ्या. त्याला पैसे पडत नाहीत.

प्रोसेसरच्या डब्यात त्याचा पंखा बहुधा येतोच. हलक्या कामाला तो चालतो. काम वाढले की कुरकुरतो. पुढे चार पैसे हाती आले, की तांब्याच्या नळ्या आणि १२० मिलिमीटरचा पंखा असलेला उभा कूलर बसवावा. एकदम सगळे घ्यायलाच हवे असे नाही.

काही जण बिनपंख्याचा संगणक सुचवतात. एन१०० सारख्या लहान प्रोसेसरला ते जमतेही. पण जळगाव, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि वर पत्रा असतो. अशा घरी मी तरी एक मोठा, सावकाश फिरणारा पंखा ठेवाच म्हणेन.

डिस्क आणि मेमरी

जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरतात. त्यांची गुणगुण आणि कटकट रात्री स्पष्ट ऐकू येते. तिच्या जागी एसएसडी घ्या. तिच्यात फिरणारे काहीच नाही, त्यामुळे आवाज शून्य, आणि संगणक उघडतोही झटपट. साधारण २५० ते ५०० जीबीची पुरे. जुनी हार्ड डिस्क असेल तर टाकू नका. लग्नकार्याचे फोटो तिच्यात ठेवा आणि लागेल तेव्हाच बाहेरून जोडा.

मेमरी किमान ८ जीबी, जमले तर १६. बोर्डावर दोन जागा असतील तर एक मोठी घेण्यापेक्षा सारख्या दोन घ्याव्यात. आतल्या ग्राफिक्सला त्याचा फायदा होतो. २०२५ च्या अखेरच्या महिन्यांत मेमरीचे भाव कांद्यासारखे उसळले होते. तेव्हा मागच्या वर्षी कोणी कितीला घेतली हे विचारून उपयोग नाही. घेण्याच्या आठवड्यात तीन दुकानांतून भाव लिहून आणा.

पॉवर सप्लाय: इथे कंजुषी नको

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. पेटीबरोबर 'फुकट' मिळणाऱ्या पॉवर सप्लायवर ४५० वॅट छापलेले असते. पण छापण्याला शाई तेवढी लागते. चांगल्या कंपनीचा, '८० प्लस' खूण असलेला घ्या. त्यातला 'ब्राँझ' दर्जाचा, निम्म्या भारावर शंभरातले सुमारे ८५ भाग वीज कामी लावतो. उरलेल्याचीच उष्णता होते, म्हणून त्याचा पंखाही संथ राहतो. ग्राफिक्स कार्ड नसेल तर ४०० ते ४५० वॅटचा भरपूर झाला. सातशेचा सांगणाऱ्याचे ऐकू नका.

पेटी मात्र साधी चालेल. काच नको, रंगीत दिवे नकोत. पुढे जाळी आणि तिला धुता येणारी धूळगाळणी हवी. आत ओढणारा वारा बाहेर टाकणाऱ्या वाऱ्यापेक्षा थोडा जास्त ठेवा, म्हणजे फटींतून धूळ शिरत नाही. मागच्या रिकाम्या खाचांना पत्र्या लावून घ्या. नाहीतर संगणकाला नको तो उंदीर जोडला जाईल!

शंभर रुपयांची वाटणी

ढोबळ हिशेब असा धरा. शंभरातले ४८ प्रोसेसर आणि मदरबोर्डला, २७ मेमरी आणि एसएसडीला, १३ पॉवर सप्लायला, १२ पेटी आणि पंख्यांना. पडदा, कीबोर्ड, माउस यांचे वेगळे. पैसे कमी पडले तर प्रोसेसर एक पायरी खाली घ्या. पॉवर सप्लाय खाली आणू नका.

आणि तेवढेही जमत नसेल तर कचेऱ्यांतून निघालेले जुने छोटे संगणक पाहा. वहीच्या आकाराचा डबा, आत लॅपटॉपसारखा एकच लहान पंखा, वीज बाहेरच्या अडॅप्टरवरून. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'टी' असेल तर तो साधारण ३५ वॅटचा असतो. इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा घ्यावा, कारण विंडोज ११ ला त्याखालचा चालत नाही आणि विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. त्याहून जुना मिळाला तर त्यावर लिनक्स टाका. ते फुकट आहे, आणि त्यात मराठी लिहिता-वाचता येते. जुना संगणक आणल्यावर आतली धूळ ब्रशने काढून प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलून घ्या. कितीतरी 'बोलके' संगणक एवढ्यानेच गप्प होतात.

घरात बसवताना

संगणक भिंतीला अगदी चिकटवू नका, मागे वीतभर जागा सोडा. जमिनीवर धूळ फार, म्हणून फळीवर ठेवा. पण पोकळ पत्र्याच्या कपाटावर ठेवलात तर थरथर वाढते. सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे कापून पेटीच्या पायांखाली सरकवा. दिडकीचा खर्च नाही, आणि गुण लगेच कळतो.

अर्थिंग तपासल्याशिवाय संगणक लावू नका. पेटीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर समजा की अर्थिंग नाही. वायरमनला बोलावून ते आधी नीट करा. ज्या इन्व्हर्टरवर छताचा पंखा गुंगुं करतो तो बहुधा चौकोनी लहरीचा असतो. त्यावर संगणकही कुरकुरेल आणि काही चांगले पॉवर सप्लाय त्याच्यावर नीट चालतही नाहीत. साइन वेव्हचा इन्व्हर्टर असावा.

विजेचेही सांगून टाकतो. असा संगणक हलक्या कामाला सुमारे ४० वॅट आणि पडदा २० वॅट धरला, तर रोज पाच तास चालवून महिन्याला ९ युनिट होतात. छताचा जुना पंखा एकटाच ७५ वॅट खातो!

दर दोन-तीन महिन्यांनी वीज काढून धूळ झटका. फुंकणी मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, उलटसुलट गरगरू देऊ नका. सुगीत आणि मळणीच्या दिवसांत गाळणी दर आठवड्याला धुवा. धूळ साचली की आवाज परत आलाच म्हणून समजा.

ताई, तुमच्यासाठी

मुलगी पुढे काय शिकणार हे आधी तिलाच विचारा. परीक्षेपुरताच उपयोग असेल तर एन१०० किंवा कचेरीतला छोटा डबा घ्या आणि उरलेले पैसे बियाण्याला ठेवा. पुढे चार वर्षे लागणार असेल तर वर सांगितलेल्यांपैकी दमदार प्रोसेसर घ्या. पण दोन्ही वेळा एसएसडी, चांगला पॉवर सप्लाय आणि मोठा सावकाश पंखा, या तीन गोष्टी सोडू नका. आणि बिल पक्के घ्या. हमीचा कागद सातबाऱ्याच्या फायलीत जपून ठेवा.

आमच्याकडे शेवटी काय झाले? पेटी तीच ठेवली. तीन रंगीत पंखे काढले, चार पिनांचे दोन मोठे बसवले, हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली. पॉवर सप्लाय पुढच्या पिकावर बदलला. आता रात्री दहाला आई अंथरुणातून विचारते, "बंद केलास का गं तो डबा?" आणि पोरगी समोर बसून अभ्यास करत असते.