हयातीचा दाखला, रोजच्या रोज

नोव्हेंबर आला की पेन्शनरांच्या घरात एकच विषय असतो: हयातीचा दाखला. 2014मध्ये ‘जीवन प्रमाण’ हा डिजिटल दाखला आला आणि बँकेतली रांग टळायची सोय झाली, पण बोटांचे ठसे आडवे येऊ लागले. उतारवयात बोटांवरच्या रेषा अशा झिजतात की यंत्राला माणूस ओळखू येत नाही. 2021पासून चेहरा दाखवूनही दाखला निघतो. उजेडाकडे तोंड करून बसायचं, सांगितलं की पापण्या मिटून उघडायच्या. मोबाइलही स्वतःचाच लागतो असं नाही, दुसऱ्याचा चालतो. म्हणजे हाती साधा बटणांचा फोन असलेल्या आजींचा दाखलाही सोसायटीतला एखादा मुलगा घरी येऊन काढून देऊ शकतो.

असं काम करणाऱ्यांचं मला कौतुक आहे. तक्रार आहे ती त्यांच्या घाईबद्दल. दाखला निघाला, फोटो काढला, चला पुढच्या घरी! बँकेची खेप त्रासाची होती हे खरं. पण त्या निमित्ताने माणूस इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडे, रांगेत ऑफिसातलं कुणी भेटे, कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, कोण गेलं, सगळं कळे. खेप वाचली, तशी ही गाठभेटही बुडाली. तेव्हा कार्यकर्त्याने खुर्ची ओढून बसावं, चहाला नाही म्हणू नये, आणि पुन्हा कधी येणार तो वार सांगूनच उठावं.

सरकारला वर्षातून एकदा कळलं तरी भागतं. एकट्या राहणाऱ्याची खबर मात्र कुणाला तरी रोज असायला हवी. त्यासाठी नवं ॲप काढायची गरज नाही. ज्येष्ठ नागरिक संघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सकाळी फुलांचे फोटो आणि ‘शुभ सकाळ’ यांचा पाऊस पडतो. तरुण मंडळी त्याला हसतात. मला ती हजेरी वाटते. रोज सातला गुलाब पाठवणाऱ्या काकांचा गुलाब दहापर्यंत आला नाही, तर कुणीतरी फोन करायचा. उचलला नाही तर दार वाजवायचं. हे कुणी करायचं, याची पाळी लावा. बटणांचा फोन असेल त्यांनी मिस्ड कॉल द्यावा.

ज्येष्ठांना मोबाइल शिकवायचा असेल तर एक पथ्य पाळा: त्यांच्या हातातून तो ओढून घेऊ नका. नातवंडं तेच करतात, आणि आजोबा पुढच्या वेळी विचारतच नाहीत. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, हे बजावताना ‘मलासुद्धा नाही’ असं म्हणा. ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालून लुबाडणारेही गोडच बोलतात. 1930 हा सायबर फसवणुकीचा आणि 14567 हा ज्येष्ठांच्या मदतीचा, हे दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ चिकटवा.

आणि हजेरीच्या यादीत नाव, मुलांचे नंबर, डॉक्टर यांच्यापुढे आणखी एक रकाना हवाच: दुसरी किल्ली कुणाकडे? हे विचारायला संकोच वाटतो, तरी विचारा. विचाराल तेव्हा हेही सांगा, की रात्री नुसतं लॅच लावा. आतून कडी असेल, तर ती किल्ली काही कामाची नाही.