आजींची परीक्षा घेण्याआधी

घरात ऐंशी-पंच्याऐंशी ओलांडलेलं हिंडतं-फिरतं माणूस असेल आणि 'एकदा मेमरी टेस्ट करून घ्या' असं कुणी सुचवलं असेल, तर जाण्याआधी हे वाचा.

माझ्या सासूबाई 87 वर्षांच्या, नाशिकच्या पंचवटीतल्या. रोज गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जायचा नेम गुडघ्यांमुळे सुटला, पण दुधाचा आणि पेपरचा हिशेब अजून त्यांच्याकडेच. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांची चाचणी करून घेतली. निघायच्या घाईत मी त्यांचं कानाचं मशीन घरीच विसरले. खोलीत पंखा घरघरत होता आणि समोरची मुलगी भराभर विचारत होती. "आज तारीख काय?" सासूबाई म्हणाल्या, "आश्विन वद्य एकादशी. उद्या वसुबारस." तिनं शून्य दिला. "ऋतू कोणता?" "शरद." ती थबकली, कारण तिच्या कागदावर उन्हाळा, पावसाळा, हिवाळा एवढेच होते. पुन्हा शून्य. मग शंभरातून सात वजा करत जायचं होतं. 93 सांगून त्या अडल्या. पावकी, निमकी, औटकी तोंडपाठ असलेली ही बाई, पण असलं गणित तिला कुणी कधी घातलंच नव्हतं. शेवटी एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढायला सांगितले. चौथीत शाळा सुटल्यावर पेन्सिल त्यांच्या हातात आली ती फक्त सहीपुरती.

गुण पडले 30 पैकी 19. रिक्षात त्या एक शब्द बोलल्या नाहीत. रात्री मेथी निवडताना म्हणाल्या, "सूनबाई, मला वेड लागतंय का गं?"

हा प्रश्न विचारायची वेळ नाशिकमधल्या दुसऱ्या कुठल्याही आजींवर विनाकारण येऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

ही 30 गुणांची चाचणी 1975 साली अमेरिकेत तयार झाली. 24 च्या खाली गुण गेले की शंका घ्यायची, असा ढोबळ रिवाज पडला. पण 1993 साली तिथल्याच अठरा हजारांहून अधिक लोकांचे गुण प्रसिद्ध झाले, तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. नऊ किंवा त्याहून जास्त वर्षं शाळा शिकलेल्यांचा मधला गुण 29 होता आणि चार वर्षांपर्यंतच शिकलेल्यांचा 22. वयाप्रमाणेही गुण उतरत होते. विशीच्या आसपासच्यांचा मधला गुण 29, तर ऐंशीच्या पुढच्यांचा 25. म्हणजे चौथी शिकलेल्या माणसाला पदवीधराच्या पट्टीनं मोजलं, तर धडधाकट माणूसही आजारी ठरू शकतो.

आपल्याकडच्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी हे ओळखलं होतं. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांतल्या निरक्षर म्हाताऱ्यांसाठी त्यांनी या चाचणीचं हिंदी रूप बेतलं. ते 1995 साली प्रसिद्ध झालं. त्यात शंभरातून सात ऐवजी विसातून तीन वजा करायचे असतात आणि वाक्य लिहायच्या ऐवजी आपल्या घराबद्दल काही बोलायचं असतं. म्हणून चाचणी करणाऱ्याला संकोच न करता विचारा, की ही मराठीतून होणार का, आणि शिक्षण किती ते धरणार का.

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण तर आपण घरात फार सहज वापरतो. पण हॉलंडमध्ये हेन्द्रिक्ये फान आंदेल-स्खिपर नावाच्या बाई होत्या. 82 व्या वर्षी त्यांनी देहदानाचा कागद केला होता. 111 व्या वर्षी त्यांनी विद्यापीठाला फोन केला आणि आता आपल्या देहाचा काही उपयोग होईल का, असं विचारलं. मग 112 आणि 113 व्या वर्षी त्यांची चाचणी झाली आणि साठ ते पंच्याहत्तर वयाच्या निरोगी माणसांच्या सरासरीपेक्षा त्या सरस ठरल्या. 2005 साली, 115 व्या वर्षी त्या गेल्या. तपासणीत त्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा जवळजवळ सापडल्या नाहीत. सगळ्यांचं असं होत नाही. भारतात साठीपुढच्या शंभरातल्या सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, असा 2023 साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. म्हणूनच खरा आजार वयावर ढकलून सोडू नका आणि नुसत्या वयाला आजारही म्हणू नका.

चाचणीला सकाळी न्या, त्यांचा चहा-नाश्ता आणि नेहमीच्या गोळ्या झाल्यावर. चष्मा पुसून द्या, कानाच्या मशीनचा सेल बघून घ्या. रात्री झोप लागली नसेल तर दिवस बदला. खोलीत तुम्ही बसलात तर मागून उत्तरं सुचवू नका, "अहो आई, हे तर येतं तुम्हाला" असंही म्हणू नका. आणि एकाच कागदावर विश्वास टाकू नका. बी-12, थायरॉइड, झोपेच्या गोळ्या, मनातली उदासी, या सगळ्यांनी गुण खाली येतात आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. एखादं माणूस दोन-चार दिवसांतच अचानक असंबद्ध बोलायला लागलं, तर चाचणीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा. सोडियम कमी होणं किंवा लघवीचा संसर्ग हे त्यामागे अनेकदा सापडतं.

नाशिकच्या ज्येष्ठ नागरिक संघांना माझी एक विनंती आहे. 1 ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनाच्या आसपास शिबिरं होतात. माईक चालू असलेल्या हॉलमध्ये बीपी-शुगरच्या रांगेतच स्मरणशक्तीची चाचणी उरकू नका. त्यासाठी एक शांत खोली आणि माणशी अर्धा तास ठेवा. जमणार नसेल तर ती चाचणी ठेवूच नका.

चाचणी सगळ्यांनी केलीच पाहिजे असं मी म्हणत नाही. पण करायचीच, तर माणूस ठणठणीत असताना एकदा नीट करून तो कागद जपून ठेवा. पुढे कधी शंका आली, तर शेजारच्या निवृत्त प्राध्यापकांशी तुलना करायची वेळ येणार नाही. आईंची तुलना आईंशीच होईल. कुठे जावं कळत नसेल, तर ज्येष्ठांसाठीच्या 14567 या हेल्पलाइनवर फोन करा, त्याला पैसे पडत नाहीत.

सासूबाईंची चाचणी आम्ही दुसरीकडे पुन्हा करून घेतली. त्या डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून जवळ बसल्या. तारखेच्या प्रश्नाला पुन्हा तिथीच आली, तेव्हा त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय पाहून खात्री केली आणि मग विचारलं, "आणि आजी, इंग्रजी तारीख?" थोडं थांबून तीही बरोबर आली. या वेळी गुण पडले 26. तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला आहे. त्यावर तारखेखाली सासूबाईंनी माझ्याकडून तिथीही लिहून घेतली.